गाडीचं माहेर

आमच्या गावात गाडीची पहिली सर्व्हिसिंग ज्या गॅरेजात होते ते तिचं माहेर धरतात, आणि वर्षातून तीनदा तिला चार-चार दिवस तिथं पाठवावं लागतं. नगरपालिकेत तशी नोंद असते. आमच्या गाडीच्या नावापुढं ‘शिकलगार गॅरेज, स्टँडमागे’ असं लिहिलेलं आहे.

याला माझी हरकत नव्हती. पण मी छत्तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले आहेत. माणसं बोलताना काय वाटेल ते सांगतात, मीटर सांगत नाही, एवढं मला कळतं. म्हणून गाडी पाठवताना मी किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवत असे. गॅरेज घरापासून तीन किलोमीटरवर. जाऊन येऊन सहा. दोन वर्षांपूर्वी पाडव्यानंतर गाडी माहेराहून आली तेव्हा आकडा चौतीसनं पुढं गेलेला होता.

मी युनूस शिकलगारला फोन केला. तो मेस्त्री आणि गाडीच्या वडिलांच्या जागी, म्हणून मला जावईबापू म्हणतो. वयानं माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे.

“अठ्ठावीस किलोमीटर जास्त कुठं गेली?” मी विचारलं.

“ट्रायल घेतली, जावईबापू.”

“अठ्ठावीस?”

“लेक आल्यावर जरा हिंडंल फिरंल का न्हाई? आणि एक सांगू का, रागावू नका. तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता म्हणं.”

“कोण म्हणालं?”

“आता तीच की. दुसरं कोण सांगणार?”

म्हणजे ती तिथं जाऊन आमच्या घरातलं सांगत होती. त्या दिवसापासून मी गाडीत बसल्यावर फोनवर बोलणं बंद केलं. शालनला, म्हणजे माझ्या बायकोलाही सांगितलं की घरातल्या गोष्टी गाडीत काढायच्या नाहीत. ती म्हणाली, “मग काढायच्या कुठं?”

मी विचार केला. गाडी माहेरी जाते ती दुखलंखुपलं म्हणून. दुखणं घरीच काढलं तर जायचं कारणच उरत नाही. शालनच्या बाबतीत मी हाच उपाय केला होता. तिला दर दोन-तीन महिन्यांनी आटपाडीच्या माहेराची, आईच्या हातच्या शेंगोळ्यांची आठवण यायची. मी सासूबाईंना फोन करून कृती लिहून घेतली आणि शेंगोळे शिकलो. दर शनिवारी करून घालायचो. चार वर्षं ती आटपाडीला गेलेली नव्हती. कारणच उरलं नाही.

मग मी गाडीदुरुस्ती शिकायला घेतली. पान्यांचा एक संच आणला, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. आधी एअर फिल्टर झटकायला शिकलो, मग प्लग काढून घासायला. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी सोडा घातलेल्या गरम पाण्यानं निघते हे मला साठाव्या वर्षी कळलं, आणि फार आनंद झाला. पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा खालचा नट हातातून सुटला आणि सगळं काळं ऑइल अंगणातल्या रांगोळीवर गेलं. शालन शेजारी टॉर्च धरून उभी होती. अकरा महिने तिनंच टॉर्च धरला. मी पाना शोधत बसलो की ती म्हणे, “चौदाचा लागेल.” तो चौदाचाच लागायचा. हिला कसं कळतं, अशी शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

गाडी ठणठणीत झाली. आवाज नाही, धूर नाही. पण स्टँडच्या फाट्याशी आलो की स्टेअरिंग डावीकडे ओढायचं. डावीकडे शिकलगारचं गॅरेज. मी चाकांतली हवा मोजली, चाकं आलटून पालटून लावली. काही दोष नव्हता. फाटा आला की तिला जायचं असायचं, आणि मी दोन्ही हातांनी तिला सरळ नेत असे.

अकराव्या महिन्यात नगरपालिकेच्या माहेर कक्षाची नोटीस आली. शिकलगारनं अर्ज केला होता. मी वही घेऊन गेलो. टेबलापाशी हिंगमिरे बाई होत्या.

“गाडी किती महिने पाठवली नाही?”

“अकरा. पण तिला काहीही झालेलं नाही. हे बघा, सगळं घरी केलंय. तारखांसकट आहे.”

त्यांनी वही चाळली. “काम चांगलं केलंय तुम्ही, म्हेत्रे. पण काही झाल्यावरच माहेरी पाठवायचं, असं कुठं लिहिलंय?”

“मग कशासाठी पाठवायचं?”

“जाण्यासाठी,” त्या म्हणाल्या आणि फॉर्म पुढं ओढला. “घरात आणखी कुणी माहेरवाशीण?”

“बायको.”

“शेवटचं कधी गेल्या?”

मी सांगितलं. बाईंनी लिहायचं थांबवून माझ्याकडं पाहिलं, मग तो आकडा अक्षरी लिहिला. हुकूम झाला, निदान आठ दिवस. न्यायला मुराळी येईल. मालकानं सोबत जायचं नाही. परतीच्या तारखेबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “ती आम्ही टाकत नाही. आम्ही फक्त पाठवतो. येणं त्यांच्या मनावर.”

रविवारी सकाळी युनूस शिकलगार धुतलेला शर्ट घालून मुराळी म्हणून आला. त्यानं चहा घेतला, बॉनेटवरून हात फिरवला. मी किल्ली द्यायला बाहेर आलो तर शालन स्टेअरिंगपुढं बसलेली. मागच्या सीटवर तिची बॅग.

“तू कुठं?”

“आटपाडीला. हुकमात माझंही नाव आहे, वाचलं नाहीत का?”

“तुला गाडी...”

“लग्नाआधी अप्पांचा टेम्पो मीच चालवत होते, अहो. तुम्ही कधी विचारलंच नाही.”

शिकलगार शेजारच्या सीटवर बसला. “आधी माझ्याकडं चार दिवस, मग मला तिथंच सोडून पुढं वैनींच्या माहेरी चार. ती म्हणती दोघी संगट जाऊ.”

ती म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. माझ्या दुरुस्तीत काहीच चूक नव्हती. ती कुठंच बंद पडणार नव्हती, आणि हे माझंच काम होतं.

त्या आठ दिवसांत मला भीती वाटली, सरळ सांगतो. शालन पहिले चारही दिवस शिकलगारांच्या घरी होती, एवढंच कळलं. पुढं तिनं फोन उचलला नाही. शनिवारी मी एकट्यापुरते शेंगोळे केले. नेहमीचेच होते, पण खाववले नाहीत. अंगणात गाडीच्या जागी ऑइलचा डाग होता. तो मी सोडा आणि गरम पाणी घेऊन घासत बसलो. आता दोघी परत आल्याच नाहीत तर कुणाकडं अर्ज करायचा, हे मला माहीत नव्हतं. फॉर्मवर माझ्यासाठी रकानाच नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी गाडी दारात आली. शालन उतरली. तिच्या नखांत काळं होतं.

“वाटेत ब्रेक जरा करकरत होता,” ती म्हणाली. “पॅड काढून साफ केला. तुम्ही उलटा बसवला होता.”

ती आईनं दिलेला डबा घेऊन आत गेली. मी गाडीत डोकावून आकडा पाहिला आणि वही उघडली. आटपाडी जाऊन येऊन चौऱ्याण्णव, गॅरेजचे सहा, एकूण शंभर. आकडा एकशे अठ्ठावीसनं पुढं गेला होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. “अठ्ठावीस किलोमीटर जास्त आहेत,” मी म्हणालो.

शालननं किल्ली कमरेला खोचली आणि डब्यातले शेंगोळे माझ्या ताटात वाढले.

“ट्रायल,” ती म्हणाली.

मी वही मिटली आणि जेवायला बसलो. शेंगोळे मी करतो तसे नव्हते. सासूबाईंनी फोनवर मला काहीतरी सांगायचं राखून ठेवलं होतं.