मेकॅनिकची पाठ आणि व्हिडिओवरच्या डॉक्टर

लिफ्ट मेकॅनिकच्या पाठीला खाज सुटली तेव्हा त्याच्या आणि बायकोच्या अबोल्याला नऊ दिवस झाले होते. खाज नेमकी पाठीच्या मधोमध, जिथे आपला हात पोचत नाही. येताजाता तो दाराच्या चौकटीला म्हशीसारखा पाठ घासायचा.

भांडण कशावरून? बायकोच्या शिवणक्लासला तो तिच्या भावासमोर 'टाइमपास' म्हणाला होता. चूक त्याची होती. चूक स्वतःची असली की नवरे जास्तच ताठतात. हाही तसलाच, उशी घेऊन सोफ्यावर गेला.

कातडीच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे दोन बस, अर्ध्या दिवसाची रजा, तीन तास बाकावर आणि तपासणी चार मिनिटांची. माणसाच्या वेळेला काडीची किंमत नाही या लोकांना. त्यापेक्षा घरबसल्या व्हिडिओवर दाखवू म्हणून त्याने नंबर लावला, शर्ट काढला आणि फोन खांद्यामागे धरला.

"हा पंखा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याने हात आणखी पिळला.

"आता कान दिसतोय. घरात कुणी नाही का?"

शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं, आणि मुद्दाम जोरात चालू होतं.

"आहे तसं," तो म्हणाला. "पण आमचं बोलणं नाही."

"मला बोलणं नकोय, हात हवाय."

मशीन थांबलं. बायको आली आणि तिने फोन हिसकावून घेतला.

"डॉक्टर, यांना म्हणावं वाका."

"डॉक्टर, हिला म्हणावं वाकलोय."

"किती मोठं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने गळ्यातली टेप त्याच्या पाठीवर टाकली. "पावणेपाच इंच लांब, साडेतीन रुंद."

"दाबून बघा, रंग फिका पडतो का."

तिने दाबलं. नऊ दिवसांचा सगळा जोर लावून दाबलं.

"आई गं."

"पडतो डॉक्टर. ओरडतातही."

"मला इथून नुसतं गुलाबी दिसतंय. नायटाही असू शकेल. त्यांना इकडेच यावं लागेल."

मेकॅनिकच्या डोळ्यांपुढे दोन्ही बस उभ्या राहिल्या.

"थांबा जरा," बायको वाकून म्हणाली. "या लालीत रेघा आहेत. उभ्या, एकसारख्या. ही भरड कापडाची वीण आहे. सोफ्याचं नवं कव्हर यांनी न धुता चढवलंय आणि नऊ रात्री त्यावर उघडे झोपतायत, घामाघूम."

डॉक्टर पडद्याजवळ सरकल्या. "बाई, हे मला इथून दिसलंच नसतं. तुम्ही करता काय?"

"यांनाच विचारा."



"शिवण शिकवते," मेकॅनिक फरशीकडे बघत म्हणाला. "बारा मुली येतात. चांगलं शिकवते. मी मूर्खासारखा बोललो होतो."

सोफा बंद झाला. मलम लिहून आलं: दिवसातून दोनदा, आठवडाभर, दुसऱ्याच्या हाताने.

आठवड्याने तो पलंगाच्या कडेला पाठ करून बसला आणि बायकोने मागून फोन धरला.

"वा, साफ गेलंय की," डॉक्टर म्हणाल्या. "मलम थांबवा आता."

 बायकोने अंगठा हळूच कॅमेऱ्यावर सरकवला.

"तुम्हाला तिथून नीट दिसत नाही डॉक्टर," ती म्हणाली. "अजून आहे."

"खाजतंय?"

"खूप," मेकॅनिक म्हणाला.