पांच फरशांच्या न्यायाची हकिकत

श्री सत्यदेवता प्रसन्न असो. प्रसन्न नसल्यास निदान जागी असो. शके सोळाशें चौऱ्याऐंशी, कार्तिक मासीं, एके राज्यांत, ज्याचें नांव लिहावयाची आज्ञा नाहीं, न्यायाची व्यवस्था बहुत नेटकी होती. महाराजांनीं गुन्ह्यांचे चार वर्ग करविले होते, अंगावरील, मालावरील, अब्रूवरील आणि राज्यावरील. त्यांत राज्यावरील गुन्हा सर्वांत थोर, कां कीं तेथें फिर्याद, साक्ष आणि शिक्षा तिन्ही सरकारचींच. आणि आरोपीस बचाव असावा म्हणोन कचेरीपुढें पांच फरशा बसविल्या. पहिलीचा अर्थ, मी तेथें नव्हतों. दुसरीचा, मारिलें खरें परंतु जीव वाचवावयास. तिसरीचा, मज शुद्ध नव्हती. चौथीचा, हातून चुकून घडलें. आणि पांचवीचा, धन्याचे हुकुमानें केलें, हिजवरून सुटलेले इतके कीं ती झिजून गुळगुळीत जाहली होती. आरोपीनें एकीवर उभें राहावें आणि एकदां पाय ठेविला म्हणजे दुसरीवर जाणें नाहीं, ऐसा दंडक होता.

हे अर्थ आरोपीस समजावून द्यावयास भिकाजीपंत कारकून तीस वर्षें नेमिलेले. मनुष्य भला, मऊ काळजाचा. कोणी फांशी गेला कीं पंतांस दोन दिवस अन्न गोड लागत नसे. त्या सालीं गिरजा कुंभारीण, विधवा बाई, इजला दिराच्या खुनाबद्दल धरून आणिलें. दीर मानाजी दारू पिऊन आला आणि चाक मजला दे म्हणोन त्यानें तिचा गळा आवळला, आणि तिचे हातीं मडकीं ठोकावयाचें थापटणें होतें तें तिनें त्याचे कपाळीं हाणिलें, मग तो उठला नाहीं. पंतांनीं बंदिखान्यांत जाऊन विचारिलें, हें कोणी पाहिलें काय.

"सासूनं पाह्यलं, पंत. चुलीपाशीच बसली हुती."

"बाई, मेला तो तिच्या पोटचा. आई लेकाविरुद्ध बोलेल काय? दुसऱ्या फरशीवर उभी राहिलीस तर मारिल्याचें तूंच कबूल केलेंस, आणि साक्षी नसला तर मान गेली. तिजवरून घरीं गेलेला एकही मजला आठवत नाहीं."

"पर खरं तर त्येच हाय."

"खरें मजला कळतें. तूं जगावीस म्हणोन सांगतों. तुझा भाऊ शपथ घ्यावयास राजी आहे कीं त्या दिवशीं तूं माहेरीं होतीस. पहिलीवर उभी राहा."

गिरजेच्या म्हाताऱ्या सासूस एकदां विचारावें ऐसें पंतांच्या मनांत आलें होतें. परंतु सुतकाच्या घरीं तेरा दिवस सरकारी मनुष्यानें पाऊल टाकूं नये ऐसी रीत, आणि गिरजेची फरशीवर उभी राहण्याची पाळी बारावे दिवशीं. पंतांनीं रीत पाळिली. मग गिरजा पहिलीवर उभी राहिली आणि भावानें शपथ घेतली आणि न्यायाधीशांची मर्जी सुटकेकडे झुकली, निकाल तीन दिवसांनीं ठरला, आणि पंत बहुत दिवसांनीं पोटभर जेवले.

चौदावे दिवशीं सुतक फिटलें आणि म्हातारी काठी टेकीत चार कोस चालून कचेरींत आली. न्यायाधीशांनीं विचारिलें, काय सांगणें आहे.

"माज्या मानाजीनं तिचा गळा धरला हुता, सरकार. तिचं डोळं पांढरं झालं. तिनं मारलं नसतं तर तीच मेली असती. ल्योक माजा हुता, पर खोटं कसं बोलू?"

गिरजेस बंदिखान्यांतून आणविलें होतें. तिनें "आत्याबाई" म्हणोन हंबरडा फोडिला. न्यायाधीश बोलले कीं साक्ष खरी. परंतु आरोपी मी तेथें नव्हतें म्हणते आणि ती तेथें होती ऐसें शाबीत जाहलें, सबब बचाव खोटा पडला. पंतांनीं धांवत जाऊन त्यांचे पाय धरिले.

"चूक माझी आहे, महाराज. मीच तीस तेथें उभी केली. एक पाऊल सरूं द्यावें."

"पंत, आज हिला सरूं दिलें तर उद्यां सारेच सरतील. मजला हें गोड वाटतें ऐसें समजूं नका."

पंत बाहेर आले तों म्हातारी पायरीवर बसली होती. तिला आंतलें बोलणें उमगलें नव्हतें. तिनें विचारिलें, "झालं न्हवं, पंत? आता कवा सोडत्यात तिला? सांजंला दोघींच्या भाकऱ्या करून ठिवू?"

तीस वर्षें लोकांस अर्थ समजाविलेल्या पंतांस या बाईपुढें एक शब्द सांगवेना. ते म्हणाले, "ठेवा."

येणेंप्रमाणें गिरजा कुंभारीण मंगळवारीं फांशी पावली. पंतांनीं चाकरी सोडिली नाहीं, मात्र त्या दिवसापासून आरोपीस सल्ला देणें सोडिलें. न्याय दंडकाप्रमाणें जाहला, कोणाची तक्रार आली नाहीं. म्हातारीनें साक्ष दिली त्या सांजेस भाकऱ्या केल्या, दोघींच्या.