नापासाचे पेढे

परीक्षेत नापास झालो म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे बापूराव दामले. एकोणीसशे साठच्या आसपास आम्ही दोघं जर्मनीत कार्ल्सरूहेला इंजिनीयरिंग शिकत होतो. डिप्लोमच्या, म्हणजे तिथल्या पदवीच्या परीक्षेत बापूराव तिसऱ्यांदा आपटले, म्हणजे तिथल्या नियमाने शिक्षण कायमचं संपलं. त्या दिवशी त्यांनी डब्यातलं दूध आटवून पेढे केले, घरमालकिणीचं पातेलं करपवलं आणि मला ओढत थेट प्राध्यापकांकडे नेलं. प्राध्यापकांनी मिटक्या मारत पेढा खाल्ला आणि विचारलं, "कशाबद्दल?"

"तुम्ही मला नापास केलंत ना, त्याबद्दल."

प्राध्यापकांना घास गिळवेना. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेर आल्यावर म्हटलं, "अहो बापूराव, काही लाजबीज?"

"आल्झो," त्यांनी जर्मन थाटात सुरुवात केली, "लपवायचं काय त्यात? इंजिनीयर होणं मला जमत नाही. वाढणं जमतं."

आणि खरोखरच ते विद्यापीठाच्या खानावळीत वाढपी झाले. आमच्यातला कोणी शाकाहारी रांगेत दिसला की मटणाच्या रश्श्याचा डाव बाजूला ठेवून बटाटे दुप्पट घालायचे आणि खणखणीत मराठीत म्हणायचे, "पोटभर जेव रे, सुकलायस." सगळी रांग वळून बघे. मी ताटात तोंड खुपसून बसायचो.

पुढच्या वर्षी मीच नापास झालो. शाळेपासून पहिला नंबर न सोडलेला मी. गावाने हार घालून आगबोटीवर बसवलं होतं, आता परत कोणत्या तोंडाने जाणार? खोलीला आतून कडी घातली. जेवायलाही जाईना.

संध्याकाळी दार वाजलं. "मी आहे रे. पेढे आणलेत. तुझे."

"बापूराव, थट्टा नको. मला तोंड दाखवायची लाज वाटते."

"म्हणूनच आणलेत. एकदा आपल्याच तोंडाने सांगून टाकलं की लोकांना कुजबुजायला काही उरत नाही. मग झोपही लागते. मी बघितलंय करून."

मी कडी काढली. डबा अजून गरम होता. मी रडत होतो तोवर ते पलंगावर नुसते बसून राहिले.

मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा नापास झालात तेव्हा कोण आलं होतं?"

"कोणी नाही." ते डब्याचं झाकण घट्ट करत म्हणाले, "दार मात्र मी उघडंच ठेवलं होतं."

मी तोंड धुतलं, डबा उचलला आणि घरमालकिणीच्या दारावर टकटक केली.