बिल्ल्याला कळलेलं मन

"ह्या खेपेला एकाही डीलरला मनातलं लपवता येणार नाही!" असं ऋषिराज खराडेनं आठ दिवस आधीच जाहीर करून टाकलं होतं. घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, फलटणच्या स्टँडसमोरच्या चहावाल्यालाही सांगितलं. चहावाला "बरं" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

ऋषिराज जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत होता. सातारा आणि सांगली, दोन जिल्ह्यांतले मिळून चाळीस डीलर त्याच्या हाताखाली. गडी मूळचा फलटणजवळच्या खेड्यातला, उसाच्या रानात वाढलेला. पण सहा महिन्यांपूर्वी कंपनीनं त्याला पुण्यात नेऊन संवादकौशल्याचं ट्रेनिंग दिलं, आणि तो परत आला तो जिभेला इस्त्री मारूनच! 'लय' गेलं, 'खूप' आलं. 'व्हय' गेलं, 'ॲबसोल्युटली' आलं. आईनं ताटात भाकरी टाकत "आजून घे की रं" म्हटलं, तर हा म्हणाला, "नो थँक्स, आय ॲम गुड." आईनं दुसऱ्याच दिवशी त्याची दृष्ट काढली.

आता महाबळेश्वरच्या एका बड्या हॉटेलात डीलरांचा वार्षिक मेळावा होता. दुपारी चार वाजता चाळीसही जणांनी पुढच्या वर्षाच्या करारावर सह्या करायच्या. दुसरी एक कंपनी ह्या लोकांच्या दुकानांभोवती घिरट्या घालत होती, म्हणून ह्या सह्यांना भलतंच महत्त्व आलं होतं. पुण्याच्या ऑफिसातल्या प्रांजल मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं, "ऋषिराज, चाळीस सह्या आण आणि पुण्यात विभागप्रमुखाच्या खुर्चीत बस."

त्या खुर्चीपायीच तर हे बिल्ले आले! कंपनीच्या भाषेत स्मार्ट बॅज. साबणाच्या वडीएवढी वस्तू, निळ्या फितीनं गळ्यात अडकवायची. माणूस कुणापाशी उभा राहतो, कुठले शब्द वापरतो, आवाज किती चढवतो, हे सगळं ती ऐकायची आणि माणसाच्या मनात काय चाललंय ते ठरवायची. माणूस खूश असला की हिरवा दिवा, चिडला की लाल. स्टेजवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर सगळ्यांची नावं आणि त्यापुढं हे दिवे! हे डीलर वीस-वीस वर्षं कंपनीचा माल विकत होते. त्यांच्या मनात काय आहे ते त्यांनाच विचारावं, हे कुणालाही सुचलं नव्हतं.

"मॅडम, ह्याला मराठी समजतं ना?" ऋषिराजनं विचारलं होतं.

"उत्तम! पुण्यातच शिकलाय तो," मॅडम म्हणाल्या.

खरं म्हणजे फितींची गाठोडी तिथंच बांधून परत पाठवायला हवी होती. पण ऋषिराजला त्या वेळी खुर्ची दिसत होती.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी पहिले आले ते जतचे गुंडाअण्णा. बाप मेंढरं राखायचा, अण्णांनी दुकान टाकलं, आणि आज दोन जिल्ह्यांत सगळ्यांत जास्त पोती त्यांचीच जात. ऋषिराजनं अदबीनं त्यांच्या गळ्यात फीत घातली. अण्णांनी ती वस्तू उलटीसुलटी करून बघितली.

"आरं ऋष्या, गाईच्या कानात मारत्यात तसला बिल्ला हाय व्हय ह्यो? कान टोचतुस का आता माजा?"

"अण्णा, हे वेअरेबल डिव्हाइस आहे."

"आसंल. पर दूध न्हाई द्यायाचा मी, आदीच सांगतो!"

तेवढ्यात वाईचे नाथाजी दारातून आत आले. नाथाजी म्हणजे अण्णांचे जिवलग. दोघांची गाठ वर्षातून एकदाच पडायची, ह्या मेळाव्याला.

"काय रं मुडद्या! जित्ता हायस आजून?" अण्णा गरजले.

"तुला पोचीवल्याबिगर जातूय व्हय मी?" नाथाजींनी तिथूनच आरोळी दिली, आणि दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की दोन्ही बिल्ले मधे चेंगरले.

चेंगरलेले बिल्ले टुंव टुंव करायला लागले! दोन्ही लालभडक! पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं: 'धोका. जिवे मारण्याची धमकी.'

प्रांजल मॅडमच्या हातातली कॉफी बशीत सांडली. "ऋषिराज! ह्यांचं काही जुनं वैर आहे का?"

आता इथं खरं सांगायला काय हरकत होती? 'मॅडम, हे प्रेम आहे' एवढे चार शब्द पुरले असते. पण यंत्र चुकलं म्हणावं, तर ते यंत्र आणायला होकार कुणी दिला होता? ऋषिराजनंच!

"वरवर प्रेम दिसतं, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला, "पण बॅजला आतलं कळतं."

आणि ह्या एका वाक्यानं पुढचा सगळा दिवस नासला.

हॉटेलचे दोन सिक्युरिटीवाले आले आणि त्यांनी साठीच्या दोन म्हाताऱ्यांची मिठी सोडवली. मॅडमनी बसायची व्यवस्थाच बदलली. हिरवे दिवेवाले पुढं, सोफ्यावर. लाल दिवेवाले मागं, जेवणाच्या हंड्यांशेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. दहा मिनिटांत अशी गंमत झाली की चाळीसातले एकोणचाळीस हंड्यांपाशी! कारण वर्षानं भेटलेली माणसं, कोण कुणाला टकल्या म्हणतोय, कोण कुणाच्या पोटावर गुद्दा मारतोय. त्या कोपऱ्यात नुसती दिवाळी चालली होती, आणि पडदा आग लागल्यासारखा लाल.

सोफ्यावर एकच गृहस्थ बसले होते. वाळव्याकडचे भाऊसो. हात मांडीवर, पाठ ताठ.

"नमस्कार, भाऊसो. कसे आहात?" मॅडमनी विचारलं.

"आपल्या कृपेनं उत्तम," भाऊसो म्हणाले. "आपल्या कंपनीनं आमच्यासाठी जे केलंय, ते आम्ही जन्मात विसरणार नाही."

बिल्ला हिरवागार! पडद्यावर चक्क फुलं पडली!

ऋषिराजला मात्र ही फुलं धोक्याची वाटली. कारण ह्या दोन जिल्ह्यांत माणूस मायेत आला की शिव्या देतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तो खरोखर पेटला की त्याची भाषा एकदम स्वच्छ होते. 'तू'चं 'आपण' झालं की समजावं, विषय संपला. इथं सख्खे भाऊ वाटणीच्या दिवशी एकमेकांना 'आपण बसावं' म्हणतात आणि पुढं बारा वर्षं एकाच बांधावरून माना फिरवून जातात. भाऊसोंना गेल्या श्रावणात कंपनीनं बुरशी आलेली पोती पाठवली होती, त्यांनी अकरा फोन केले होते, आणि एकही फोन कुणी नीट घेतला नव्हता. त्यातले सात तर ऋषिराजनंच कापले होते, तो तेव्हा ट्रेनिंगमध्ये 'ऐकण्याची कला' शिकत होता.

"ह्यांना बोलायला बोलवू या!" मॅडम म्हणाल्या. "वर्षातले सर्वांत समाधानी डीलर!"

"मॅडम, नको..."

पण तोवर भाऊसोंच्या खांद्यावर शाल पडली होती आणि हातात माइक आला होता.

"उपस्थित मान्यवर," भाऊसोंनी सुरुवात केली. "गेल्या श्रावणात आपण आम्हांला जी पोती पाठवलीत, ती फोडल्यावर आमच्या गावच्या म्हशींनी तोंड फिरवलं. मुकी जनावरं ती. त्यांना आपल्या कंपनीची थोरवी काय कळणार? आम्ही त्यांच्या वतीनं आपली क्षमा मागतो."

हिरवा! हिरवा! फुलांचा नुसता सडा! मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मागून गुंडाअण्णा खुर्चीवर उभे राहिले आणि ओरडले, "हान तिच्यायला, भाऊसो! आसं हान!" अण्णांचा बिल्ला केकाटला, दोघे सिक्युरिटीवाले पुन्हा धावले आणि अण्णांना बखोटीला धरून खाली बसवायला लागले. अण्णांचा फेटा सुटला.

हसणं बंद झालं.

साळूबाई उठल्या. दहिवडीच्या डीलर. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं उभं केलं होतं. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात ऋषिराज त्यांच्या दारात चक्कर येऊन पडला होता, तेव्हा त्यांनीच त्याला ताक-भाकरी घालून चार दिवस घरी ठेवून घेतलं होतं. त्या हॉल कापत थेट त्याच्यापुढं आल्या.

"आरं ए खुळ्या! बापावानी मानूस, आन त्येला भांड्यापाशी बशीवलास? त्येच्या फेट्याला हात लावाय लावलास? लाज हाय का न्हाई? जा, आदी पाय धर त्येचं, न्हाईतर थोबाड फोडीन तुजं!"

साळूबाईंचा बिल्ला लाल. पण अजून सगळं हातात होतं! नुसतं "चुकलं मावशी" म्हणून पळत जायचं होतं. ऋषिराजचे पाय उचललेसुद्धा गेले असते. तेवढ्यात त्याचा स्वतःचा बिल्ला छातीवर थरथरला आणि हातातल्या मोबाइलवर सूचना आली: 'समोरची व्यक्ती आक्रमक आहे. अंतर ठेवा. आदरार्थी बोला.'

शेजारी मॅडम बघत होत्या. ऋषिराज दोन पावलं मागं सरकला आणि साळूबाईंना म्हणाला, "मॅडम, आम्ही आपल्या भावना समजू शकतो. आपण कृपया आपल्या जागेवर बसावं."

साळूबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. रागानं नव्हे. आपण चुकून परक्याच्या घरात शिरलो की काय, असं बघावं तसं बघत राहिल्या. मग त्यांनी पदर सावरला.

"बरं साहेब," त्या म्हणाल्या. "चुकलं आमचं. आपल्याला तरास झाला."

आणि त्यांचा बिल्ला हिरवा झाला.

त्या मागं गेल्या. गुंडाअण्णांच्या कानात काहीतरी बोलल्या. अण्णांनी फेटा न बांधताच मांडीवर घेतला आणि मोठ्यानं सांगितलं, "मंडळी, शांतता राखा. साहेब लोकांचा कार्यक्रम आहे."

अण्णांच्या तोंडून 'आहे'! जतमधल्या कुणी ऐकलं असतं तर डॉक्टर बोलावला असता! अण्णा हिरवे. नाथाजी हिरवे. मग एकेक करत सगळी रांग हिरवी झाली. जेवताना चमच्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. "आपण घ्यावं." "नको, आपण आधी." पुरणपोळीला कुणी नावं ठेवली नाहीत, आमटी पाणचट आहे असं कुणी आचाऱ्याला सुनावलं नाही. ऋषिराजनं ताट तसंच बाजूला सरकवलं.

"ऋषिराज, पडदा बघ!" मॅडम आनंदानं हरखल्याच. "समाधान, शंभर टक्के! कंपनीत आजवर कुणालाच जमलं नव्हतं हे!"

चार वाजले. टेबलावर चाळीस करार, चाळीस पेनं. एकेक डीलर आला. प्रत्येकानं हात जोडले, बिल्ला उतरवून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "घरी विचारून कळवतो." ज्या साळूबाईंनी वीस वर्षांत घरी कुणाला काही विचारलं नव्हतं, त्यासुद्धा म्हणाल्या, "घरी विचारून कळवते." शेवटी टेबलावर चाळीस हिरवे बिल्ले राहिले आणि चाळीस कोरे करार.

ऋषिराज पार्किंगकडं धावला. गुंडाअण्णांची जीप सुरू झाली होती. तो सरळ बॉनेटसमोर उभा राहिला.

"अण्णा, आवं थांबा! चुकलं माजं! खाली उतरा, कानाखाली वाजवा माज्या! न्हाईतर येक शिवी तरी हासडा, पाया पडतो तुमच्या!"

अण्णांनी काच खाली केली. बाजूला बसलेल्या नाथाजींकडं एकदा बघितलं.

"असं कसं, खराडे साहेब," ते शांतपणे म्हणाले. "आपण मोठी माणसं. जरा बाजूला होता का?"

तो बाजूला झाला. जीप घाटाकडं वळली, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. एकानंही हॉर्न वाजवला नाही.

मागून प्रांजल मॅडम आल्या. त्यांच्याही गळ्यात बिल्ला होताच, आणि हातात टॅब. "सह्यांचं टेन्शन घेऊ नकोस रे, होतील! मी मुख्य ऑफिसला अहवाल पाठवतेय, शंभर टक्के समाधान! तुझं विभागप्रमुखपद पक्कं. आता फक्त तुझं मत नोंदवायचं राहिलंय. बोल बॅजमध्ये, आजचा कार्यक्रम कसा वाटला?"

ऋषिराजनं घाटातल्या रिकाम्या वळणाकडं बघितलं. सहा महिन्यांची इस्त्री एका दमात उतरली.

"आरं, आयला ह्या बिल्ल्याच्या!" तो इतक्या जोरात ओरडला की हॉटेलच्या छपरावरची माकडं झाडावर पळाली. "बिल्ला करणाऱ्याच्या, बिल्ला आणणाऱ्याच्या, आन गळ्यात घालून मिरवणाऱ्याच्या बी..."

पुढचं बिल्ल्यानं ऐकलं, पण ते इथं छापता येणार नाही. तो लालभडक होऊन केकाटायला लागला. टॅबवरचा आकडा हलला. शंभराचे अठ्ठ्याण्णव झाले.

मॅडमनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. चाळीसच्या चाळीस डीलर समाधानी, आणि संबंध कंपनीत नाराज माणूस निघाला तो नेमका हा! त्यांनी टॅब बंद केला, ओढणी नीट केली आणि सकाळपासून ज्याला 'अरे ऋषिराज' म्हणत होत्या, त्याच्याकडं हसून बघितलं.

"खराडे," त्या म्हणाल्या, "आपण सोमवारी ऑफिसला येऊन भेटावं."

आणि मॅडमच्या गळ्यातला बिल्ला हिरवागार झाला.