लखलखीत निळा धागा

सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून सर चक्क हसले. पाच वर्षं त्यांच्या हाताखाली संशोधन करताना तिने फक्त त्यांचे उसासे ऐकले होते. बायको गेल्यापासून माणूस प्रयोगशाळेतल्या डीप फ्रीजसारखा झाला होता; आत सगळं जपलेलं, पण गोठलेलं.

हसण्याला कारण होतं. उंदराच्या यकृताच्या पातळ कापावर तिने नेहमीचा रंग घातला होता. हा रंग डीएनएला चिकटतो आणि अतिनील प्रकाशात निळा चमकतो, त्यामुळे काळोखात पेशींची केंद्रकं तेवढी दिसतात. आज मात्र दोन केंद्रकांना जोडणारा एक लखलखीत निळा धागाही दिसत होता. कचरा असेल, असं तिने दबकत सुचवलं. सर म्हणाले, पाच वर्षांत पहिल्यांदा काहीतरी दिसलंय, त्याला कचरा म्हणू नकोस.

दुपारपर्यंत विभागप्रमुख पाहून गेले. ज्यांच्याशी सरांचा अबोला होता ते शेजारचे प्राध्यापकही वाकून बघून गेले. संचालकांनी दुसऱ्याच दिवशी सरांचं व्याख्यान ठेवलं आणि बंद पडायला टेकलेल्या प्रयोगशाळेला मुदतवाढ द्यायची भाषा सुरू झाली.

संध्याकाळी हात धुताना तिचं लक्ष आपल्या ॲप्रनच्या उसवलेल्या बाहीकडे गेलं. तिने एक दोरा तोडला आणि रंग न घालताच काचपट्टीवर ठेवून पाहिला. दोरा लख्ख निळा. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, तेही अतिनील प्रकाशात असंच निळं चमकतं. तिने घरी फोन लावला.

"आई, कपड्यांची पावडर बदललीस का?"

"हो की. पांढरं कसं झगझगीत निघतं. का गं, कुणी काही म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत," ती म्हणाली.

उद्या शोभा होण्यापेक्षा आज शिव्या खाल्लेल्या बऱ्या, म्हणून तिने सरांच्या खोलीत जाऊन मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. शिव्या काही आल्या नाहीत.

"मुलगी येतेय आज जेवायला," ते म्हणाले. "तिची आई गेल्यापासून बोलत नव्हती माझ्याशी. अभिनंदन करायला दुपारी फोन केला तिने."

सरांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"संचालकांना मी आत्ताच कळवतो. मुलीला जेवण झाल्यावर सांगेन."

त्यांनी फोन उचलला, पण नंबर न लावताच पुन्हा खाली ठेवला.

"दोघांना भाजी साधारण किती लागते गं?"