भुकटीच्या दुधाची फिकीर

भुकटीच्या दुधाचं नवं पोतं उघडलं की आमचे दगडोबा गुरुजी पहिला पेला स्वतः पीत आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहत. परदेशचा माल, काही बरंवाईट व्हायचं असलं तर आधी आपल्याला होऊ दे, असा त्यांचा विचार. सगळी शाळा टक लावून बघायची. गुरुजींना साधा ढेकर आला तरी लहान पोरी रडायला लागत.

मुरूमच्या त्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. गुरुजी माझ्या वडिलांच्या वयाचे, निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले आणि कशालाही घाबरणारे. आभाळ भरून आलं की, "आता खैर न्हाय!" तपासणीला आलेले साहेब रागावले तर खैर नाहीच, पण हसले तरी नाही.

दूध अमेरिकेतून फुकट यायचं. एके दिवशी सोलापूरच्या गाडीनं आलेल्या पेपरात बातमी होती, आफ्रिकेतल्या देशांची मदत बंद करावी का, यावर अमेरिकेत वाद पेटलाय. गुरुजींचा चेहराच उतरला.

"अहो, आफ्रिका कुठं, मुरूम कुठं!" मी म्हणालो.

"आज त्यांचं ताट वढलं, उद्या आपलं. देणारा हात एकच हाय, मास्तर. आता खैर न्हाय!"

विठोबा शिंप्याच्या दुकानात रोज हाच विषय. विठोबा मशीन थांबवून म्हणायचा, "बंदच करावं. ज्यानं त्यानं आपल्या पायावर उभं राहावं."

"आधी लेकरांच्या पायात बळ तर येऊ द्या," गुरुजी म्हणत. "दुधापायी आईबाप शाळेत धाडतेत. दूध गेलं की निम्मी शेळ्यांमागं."

मी हसत होतो. पण पुढच्या महिन्यात पोती आलीच नाहीत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आठवड्याभरात मागची तरटपट्टी रिकामी पडली, आणि मग मलाही भीती वाटायला लागली.

एका सकाळी गुरुजी चरवी घेऊन माझ्या दारात. "मास्तर, संगट चला. पोरांसाठी दूध मागावं म्हणतो. एकट्याला लई भ्या वाटतंय."

जन्मात कुणाकडं काडीपेटीही न मागितलेला माणूस दारोदार उभा राहिला. विठोबानंही तांब्याभर दूध ओतलं. पुढच्या दारापासून चरवी मीच धरली.

पेठेच्या टोकाला एक बिऱ्हाड नवीन आलं होतं. दूध ओतता ओतता तिथल्या बाईनं विचारलं, "गुरुजी, लेकरं किती हायत तुमाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजींना मूलबाळ नव्हतं. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मी घाईघाईनं काहीतरी बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले,

"शाळा सुटंपर्यंत लई हायत, माय."