दोनशे मेंढरं आणि अकरा अठ्ठेचाळीसचा मुहूर्त

हिमांशूला आयुष्यात जेव्हा जेव्हा उशीर झाला, तेव्हा त्याचं खापर त्यानं गाडीच्या हॉर्नवर फोडलं. "हॉर्न बदलला की मी वेळेवर!" असं तो छातीठोकपणे सांगायचा.

गाडीबरोबर आलेला तो हॉर्न होताही तसाच. दाबला की सर्दी झालेल्या बदकानं माफी मागावी तसा आवाज यायचा. शहागंजात एका हातगाडीमागं त्यानं तो सलग पाच मिनिटं वाजवला. शेवटी हातगाडीवाल्यानं मागं वळून विचारलं, "कुछ बोले क्या, भाई?"

आता मामला गंभीर होता. रविवारी वैजापूरला वैदेहीच्या घरी साखरपुडा! मुलगी बघायला तो दीड तास उशिरा पोचला होता, बोलणी करायला अडीच तास. या वेळी वैदेहीच्या काकांनी, म्हणजे घरातले कर्ते नानाकाका यांनी, अगदी शांतपणे फोन केला होता. "मुहूर्त अकरा अठ्ठेचाळीसचा आहे. तो चुकला तर दुसरा काढू. मुलगाही दुसराच बघू."

हिमांशू तडक मिस्त्रीकडे गेला.

"साहब, ये जोडी लगाओ," मिस्त्री म्हणाला. "बडी गाडीवाले यही ले जाते. मुर्दा भी साइड देगा!"

बदक निघालं, जाळीमागं दोन लालभडक कर्णे बसले. हिमांशूनं बटण दाबलं. भॉंऽऽऽ! समोरच्या दुकानाचं शटर आपोआप खाली आलं, असं तो अजून सांगतो.

रविवारी सकाळी त्याचे वडील दत्तोपंत कान दाबूनच गाडीत बसले.

"बाबा, आता बघा, लोक कसे बाजूला होतात!"

"लोक होतील रे. मी आत बसलोय, मी कुठं होऊ?"

पण हॉर्न खरंच कामाचा निघाला! एसटीनं वाट दिली. एक ट्रॅक्टर तर थेट शेतात उतरला आणि नांगरू लागला. लासूर मागं पडलं तेव्हा अकरासुद्धा वाजले नव्हते. मांडीवर ओटीचं ताट सांभाळत बसलेल्या आई भानुमतीबाईंनी मनातल्या मनात देवाला नारळ बोलला.

आणि पुढच्या वळणावर मेंढरं दिसली. चांगली दोनशे. रस्ताभर.

"आता बघा!" हिमांशू म्हणाला आणि त्यानं दोन्ही कर्णे मोकळे सोडले. भॉंऽऽऽ!

मेंढरं पळाली. बाजूला नाही, थेट गाडीकडे! अर्ध्या मिनिटात गाडी लोकरीत बुडाली. एक मेंढी बॉनेटवर चढली. दुसरी पुढची जाळी चाटू लागली, नळ कुठं आहे ते शोधत असल्यासारखी.

"पुन्हा वाजव!" दत्तोपंत ओरडले.

पुन्हा वाजवला. बाभळीपलीकडे होती तीही आली.

"अरे, पुरे!" भानुमतीबाई किंचाळल्या. "तालुक्यातली सगळी बोलावतोस का!"

गर्दीतून वाट काढत बिरू धनगर खिडकीशी आला. कपाळाला हात लावून त्यानं आत बघितलं. "पाव्हणं, पाणी कुठंय?"

"कसलं पाणी?"

"मंग बोलावलं कशाला?"

"मी कुठं बोलावलं? हॉर्न वाजवला!"

"तेच की! आमचा पाण्याचा टँकर अस्साच वाजतो. दोन महिनं झालं, भॉं म्हनलं की पाणी. तुमी दोन येळा वाजवलं. त्यायला वाटलं, दोन टँकर आलं!"

"मग हाकला ना त्यांना!"

"तहानलेलं मेंढरू हालतंय व्हय? टँकर बाराला येतो. तंवर बसा गप."

फोन वाजला. वैदेही कुजबुजत होती, "कुठं आहेस?"

"अगदी जवळ!"

दोनशे मेंढरं एका सुरात म्हणाली, "ब्यॅऽऽ!"

"...कुणाच्या जवळ?" वैदेहीनं विचारलं. "नानाकाका दारात उभे आहेत रे! मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलंय!"

हिमांशूच्या डोळ्यांपुढं दुसरा मुलगा उभा राहिला. तो वेळेवर आलेला होता.

इतक्यात मागून आवाज आला. "नाना, पोचलोच! वैजापूरच्या वेशीत आहे!" धोतर नेसलेले, हेल्मेट घातलेले एक गृहस्थ स्कूटरवरून फोनवर धडधडीत खोटं बोलत होते. त्यांच्याभोवती चाळीस मेंढरं होती.

हिमांशू खिडकीतून बाहेर आला. "गुरुजी, साखरपुड्याला निघालात?"

"हो ना. नवरा मुलगा एक नंबरचा लेटलतीफ आहे म्हणे. आणि आज मलाच उशीर! तो माझ्याआधी पोचला तर माझी अब्रू गेली."

"तो मीच."

गुरुजींनी हेल्मेट काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की बिरूही हसला. "अरे, मग चिंता कसली! नवरा इथं, मुहूर्त काढणारा इथं!" त्यांनी स्कूटरच्या सीटवर पंचांग उघडलं. एका मेंढीनं आषाढाचा कोपरा खाल्ला. तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. "बारा एकतीस! वा! अकरा अठ्ठेचाळीसपेक्षा कितीतरी शुभ!"

बिरूनं टँकरवाल्याला फोन लावला. "आरं, लवकर ये! हितं माणसाचं लगीन अडकलंय!"

साडेअकराला शेताकडून भॉंऽऽऽ झालं, आणि कुणी गोधडी ओढावी तशी गाडीवरून मेंढरं गेली. हिमांशूला तो आवाज इतका गोड कधीच वाटला नव्हता.

बारा वीसला दारात नानाकाका तोंड उघडणार, तोच गुरुजी गरजले, "अकरा अठ्ठेचाळीस मी रद्द केला, नाना! दोष होता. जावईबापूंना मीच वाटेत थांबवून ठेवलं!"

नानाकाकांनी हात जोडले. बारा एकतीसला अंगठी बोटात गेली. हिमांशूनं दीड तास कोंडलेला श्वास सोडला.

मग लग्नाची तारीख काढायची ठरली. गुरुजी पंचांग घेऊन कोपऱ्यात गेले, फोनवर हळू आवाजात काहीतरी बोलले आणि मार्गशीर्षातला एक दिवस घेऊन परतले.

"ग्रह नीट बघितलेत ना?" नानाकाकांनी विचारलं.

"सगळं बघितलं. मार्ग स्वच्छ आहे."

नंतर पंगतीत हिमांशू त्यांच्या कानाशी लागला. "गुरुजी, फोन कुणाला केला होता?"

"बिरूला," गुरुजी जिलेबी मोडत म्हणाले. "दिवाळीनंतर कळप घाटाखाली जातो. एक कोकरूसुद्धा मागं राहत नाही. दोनदा विचारून घेतलंय."